वाघ कसा गेला?

“म्हंजे मांजर दुधाकडं जातं तसं?” म्हादूनं विचारलं.

“अगदी तसं,” वैष्णवी म्हणाली. “प्राउल. पोटात पाप आणि पावलात कापूस.”

“मग ह्यो शबूद न्हाई. फुडचा सांगा बाई.”

शाळा सुटली होती. व्हरांड्यात दोघंच होती आणि मधे तो फॉर्म. वनखात्याच्या वरच्या कचेरीतून आलेला, अख्खाच्या अख्खा इंग्रजीत. जोयड्याच्या रानातल्या वाघाची खबर इंग्रजीतच का द्यायची, ते देव जाणे! देवराईतल्या ओढ्याकाठी तीन आठवड्यांत चारदा वाघाची पावलं उमटली होती. म्हादू रानाचा रोजंदारीवरचा राखणदार. पावलं पहिल्यांदा त्याला दिसली, म्हणून फॉर्मही त्याच्याच गळ्यात पडला. ‘प्राणी कसा चालत होता?’ या प्रश्नाखाली पाच शब्द होते आणि खूण एकावरच करायची होती.

प्रश्न दिसायला पोरखेळ, पण तसा नव्हता. गार्ड सुदेशनं सकाळीच बजावलं होतं, की वाघ टपून फिरतो किंवा माग काढतो असं लिहिलं तर पिंजरा येणार आणि वाघ कायमचा जाणार. नुसता वाटेनं गेला असं लिहिलं, तर फाइल बंद. पाच वाजता त्याची जीप फॉर्म न्यायला येणार होती.

पिंजरा म्हटलं की म्हादूला घाम फुटायचा. वाघदेवाचा मान त्याच्या घराण्याकडं. दर वर्षी शिवणीच्या लाकडाचा वाघ कोरून देवराईत ठेवायचा, हे काम त्याच्या आज्यापासून चालत आलेलं.

“देवाला पिंजऱ्यात घालायचा, बाई? आमचं रान मग कुणाच्या जिवावर ऱ्हायचं?”

“पण खोट्यावर मी सही करणार नाही हं, मामा. साक्षीदार म्हणून माझं नाव जातंय.”

“खोटं कशाला? तुमी सोता बघितलाय न्हवं ठसा?”

बघितला होता. वैष्णवी मूळची रामनगरची, या शाळेत तिचं दुसरंच वर्ष. रविवारी ती म्हादूबरोबर ओढ्यावर गेली होती. ओल्या मातीत पावलं बघून तिच्या अंगावर काटा आला होता. येताना तिनं वाघदेवाला हात जोडले. यंदाच्या लाकडी वाघाला पुढचे दोन्ही पाय नव्हते. “वाळवी,” म्हादू म्हणाला होता. “देवालाबी सोडत न्हाई रांडेची.”

तिनं पुढचा शब्द घेतला. “स्टॉक. एकावरच डोळा. तो थांबला की आपण थांबायचं, तो चालला की चालायचं.”

“आमचा झिलू विम्याचं गिऱ्हाईक धरतोय तसं.”

वैष्णवीला हसू आवरेना. “तसंच. आणि हा स्ट्रोल. गणेशगुडीला आलेले पाहुणे संध्याकाळी हात मागं बांधून फिरतात ना, तसं. खाऊनपिऊन, मौजेनं.”

“वाघाला कुठली मौज? आन त्यो फुडला?”

“पास. उळवीची बस आपल्या फाट्यावरून जाते, थांबत नाही. आली तशी गेली.”

“ह्यो न्हाई! चारदा आला त्यो,” म्हादू घाईनं म्हणाला. “आज सकाळीबी उमटलंय. हे बघा, पिशवीला आजून माती हाय.”

“मग राहिला रोम. काही काम नाही, पण परकेपणाही नाही. मालक आपल्याच शिवारातून फिरतो तसं.”

म्हादू फॉर्मवर वाकला. मग हळूच म्हणाला, “ह्यो लिव्हला तर काय व्हतं?”

तिनं खालची बारीक अक्षरं वाचली. “इथलाच रहिवासी म्हणून नोंद होते. त्या रानात बांधकाम बंद. म्हणजे देवराईत पाहुण्यांसाठी कॉटेज बांधायला निघालेत, त्यांचं कामही गेलं म्हणा की. तशी त्यांची मोजणीची माणसं पावलं बघून पळालीच आहेत.”

“पळाली व्हय? बिचारी!”

“पण मामा, रोमच कशावरून? कुणी विचारलं तर?”

“ठसा सांगतोय की! पळताना नख्या भायर येत्यात. टपताना पाऊल आखूड पडतंय. ह्यो रमतगमत गेलाय. मागला पाय बराब्बर फुडल्याच्या ठशावर ठेवलाय, म्हणून तर दोनच पायांचं ठसं दिसत्यात.”

शहरातला कुठला पदवीवाला हे सांगेल? वैष्णवीनं मनातल्या मनात त्याला हात जोडले. रोमवर ठळक खूण केली आणि खाली झोकात सही ठोकली. तिला फार बरं वाटलं. एवढी वर्षं शिकलेल्या इंग्रजीनं आज पहिल्यांदा कुणाचं तरी भलं केलं होतं.

तेवढ्यात खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. म्हादू फॉर्म घेऊन पोरासारखा धावत सुटला, पिशवी व्हरांड्यातच टाकून.

पिशवी बघून तिला म्हादूच्या बायकोचा, काशीमामीचा, दुपारचा फोन आठवला. ‘बाई, ह्यांच्या पिशवीत तळाला करांदे, रानातलं कंद, घातल्यात तुमाला. ह्यांना सांगितलं न्हाई, इसराळू माणूस त्यो. तुमीच हात घालून काढून घ्या.’ इथं देणारा मोजून देत नाही, घेणाऱ्यानं काढून घ्यायचं, ही रीत तिला आता ठाऊक झाली होती.

खाली सुदेशनं फॉर्मवर नजर फिरवली, मान हलवली, आणि जीप तिची सही घेऊन वळणाआड गेली. म्हादू तिथूनच दोन्ही हात उंचावून नाचला.

हसत हसत तिनं पिशवीत हात घातला. एक करांदा निघाला, दुसरा निघाला. तिसरा हाताला गुळगुळीत लागला. बाहेर काढला तर शिवणीचं लाकूड, त्यावर कोरलेली चार बोटं आणि गादी, आणि खाचांतून ओली तांबडी माती. त्याच्याखाली जोडीचा दुसरा पाय होता.