शनिवारचं पातेलं

मटण शिजायला अजून तासभर तरी होता. तिचं वाक्य मात्र सकाळपासून तयार होतं. 'आता पुरे झालं, इथंच राहा.' कांदा परतताना तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. एकदा फारच हुकमी झालं, दुसऱ्यांदा रडकं.

"कुणाशी बोलतेयस गं?" शेजारची शिवणवाली दारातूनच म्हणाली. गळ्यात टेप, नाक स्वयंपाकघराकडे. "शनिवार आला की जिन्यात जीव खालीवर होतो माझा. आणि बाकी आठवडा तुझ्या घरातून कसला म्हणून वास येत नाही."

"एकटीसाठी कोण पातेलं चढवतं? चहात पाव बुडवला की झालं जेवण."

"मग सांग ना त्यांना, राहा म्हणून. तोंड उघडायला काय पैसे पडतात?"

"ते रमलेत तिकडे."

"रमलेत म्हणे! पुरुषमाणूस चार भिंतींत एकटा रमतो होय? तुला सांगायची लाज, त्यांना विचारायची लाज. छान जोडी जमलीय." एवढं सुनावून, वाटीभर रस्सा आपल्यासाठी ठेवायला बजावून ती गेली.

नवरा पुलांच्या कामावरचा मुकादम. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी तो कामावर गेला आणि तेव्हापासून या घराला आठवडा असा नव्हताच, फक्त शनिवार-रविवार होता. नदी बदलायची, खोली बदलायची, शनिवारी संध्याकाळी दारात येणारी बॅग तीच. हसणं, रुसणं, पाहुण्यांची उणीदुणी, सगळं दोघांनी त्या दीड दिवसात बसवलं होतं. भांडायला फारसा वेळच उरायचा नाही. जेवण मात्र पोटभर व्हायचं.

मागच्या वर्षी एकदा तो सलग काही आठवडे घरी राहिला. तिला कोण आनंद झाला होता! पहिल्या आठवड्यात मोठं पातेलं रोज चढलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं तिचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. तिला मीठ सापडेना. तिसऱ्यात तो गॅसपाशी उभा राहून कांदा कसा चिरायचा ते सांगू लागला. पुलावर पन्नास माणसांना हाकणारा माणूस, घरात हाकायला ती एकटीच. एका सकाळी तिच्या तोंडून निसटलं, "तुम्ही निघणार तरी कधी?"

 पुढच्या सोमवारी तो बॅग भरून निघाला.

तोंडून गेलेलं ते वाक्य पुसायला दुसरं वाक्य हवं होतं. ते रोज तयार व्हायचं आणि रविवारी संध्याकाळी राहून जायचं.

बेल वाजली. किल्ली असूनही तो बेलच वाजवायचा. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री, कॉलर मात्र आत दुमडलेली. ती तिनं न विचारता बाहेर काढली.

"प्रवास कसा झाला?"

"बरा. गर्दी नव्हती."

"थंडी आहे का तिकडे?"

"इथल्यासारखीच."

ती उगीच हसली. तोही.

जेवताना त्यानं नळीचा तुकडा नेहमीसारखा आधी तिच्या ताटात टाकला.

"घ्या की अजून. गालफडं बसलीत. काय खाता आठवडाभर कोण जाणे."

"अंडी उकडतो."

"रोज?"

"बुधवारी ऑम्लेट."

तिला हसू आवरेना. त्याला बरं वाटलेलं दिसलं. मग तो जपून म्हणाला, "कांदा छान झालाय परतून." त्यापुढे एक शब्द नाही, कसा चिरला नाही की किती चिरला नाही.

"आठवडा फार मोठा वाटतो हल्ली," ती ताटाकडे बघत म्हणाली.

त्याचा हात थांबला. काहीतरी म्हणायचं असावं त्याला. पण त्यानं पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

रविवारी सकाळी तो मोरीपाशी उभा होता. "नळ गळतोय. बघू का?"

"बघा की. विचारताय काय?"

विचारलं म्हणूनच तिला ते लागलं. आपल्याच घरात पाहुण्यासारखा उभा होता बिचारा, पाना हातात धरून.

दुपारी ती उरलेला रस्सा, भात आणि साखरेत शिजवलेली सफरचंदं डब्यांत भरत बसली. झाकणं लावताना मुद्दाम वेळ काढला. डबे भरून झाले की बॅग भरायची, बॅग भरली की बूट. क्रम ठरलेला होता, आणि त्या क्रमात तिच्या वाक्याला जागा नव्हती.

संध्याकाळी तो दारात वाकून नाड्या बांधत होता. बांधून झाल्या तरी वाकलेलाच राहिला.

"काही म्हणत होतीस?"

वाक्य ओठांपर्यंत आलं. पण ती काही बोलायच्या आत त्यानं बॅग उचलून खांद्याला लावली. इतक्या सवयीनं, इतक्या सहज, की तिला वाटलं, याला जायचंच असेल तर?

"हो. रस्सा गरम करताना पाणी घालू नका. पाणचट होतो."

"नाही घालणार."

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग कठड्याला धरून सावकाश जिना उतरला.

दार लावून ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. तो खाली रस्त्यावर आला, बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली, एक सायकल जाऊ दिली, रस्ता ओलांडला आणि समोरच्याच इमारतीत शिरला. मागच्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यानं भाड्यानं घेतलेल्या खोलीत दिवा लागला. मग तिचा फोन वाजला.

"पोचलो," समोरच्या खिडकीत उभा राहून तो म्हणाला.