ढिगातली पानं

लास वेगासच्या पोकर स्पर्धेत पानं दाखवायची वेळ आली आणि म्हाताऱ्या ऑरिननं “हरलो” म्हणत आपली पानं पालथीच टाकून दिलेल्या पानांच्या ढिगात सरकवली.

शेजारचा ओरडला, “अहो, मी पाहिलंय! आजोबांची बदामाची पाच पानं जुळली होती, डाव त्यांचाच!”

पंच डेला आली. “ढिगात गेलेली पालथी पानं मेली. आजोबांचा डाव बाद.”

शेजारचा चिडला, “काय बाई आहे! काळीज आहे की दगड?”

ऑरिन मात्र खुलला. “बरोबर आहे तिचं. मी पंच होतो तेव्हा हाच निकाल द्यायचो. पोरी, कुणी शिकवलं गं तुला?”

“माझ्या बाबांनी.”

“पक्का माणूस दिसतोय. एकदा घेऊन ये त्यांना.”

सकाळी घरून निघताना तिनंच लावलेलं ऑरिनच्या कोटाचं बटण पुन्हा सुटलं होतं. ते लावत डेला म्हणाली, “आणते हं.”