रेनकोटाची शिवण

“हात वर करा,” म्हणत तिने नवऱ्याच्या अंगात दुसरा स्वेटर चढवला.

आत लोकरी बनियन, त्यावर पहिला स्वेटर, छातीशी वर्तमानपत्राची जाड घडी, पायमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या. सगळ्यांवर शिंप्याकडून शिवून घेतलेला नवाकोरा रेनकोट. तो गोदामावर पहारेकरी होता. सायकलने तासभर चढण चढायची, वरून झिमझिम पाऊस, आणि मग दिवसभर गोदामाच्या दारात वाऱ्यावर बसायचं. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियातून तो जेमतेम उठला होता. यंदा अंग ओलं होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तिने ते चांगलंच मनावर घेतलं होतं.

“अगं, जीव कोंडतो यात,” तो पुटपुटला.

“कोंडू दे. भिजून आलात तर गाठ माझ्याशी आहे.”

तिच्यापुढे त्याचं कधीच काही चाललं नव्हतं. त्याने मुकाट्याने गळ्यापर्यंत बटणं लावली.

संध्याकाळी पाहते तर बनियन ओलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिंप्याने शिवणीत कुचराई केली, दुसरं काय! तिने रेनकोटाला आतून प्लास्टिक चिकटवलं. तरी बनियन ओलंच. तिने मनगटांना रबरबँड लावले, तिसरा स्वेटर चढवला. बनियन पिळण्याइतकं ओलं. पाणी शिरतंय तरी कुठून, याचा विचार करून तिची झोप उडाली.

नवव्या दिवशी त्याला ताप भरला. पंधराव्या दिवशी तो गेला.

महिन्याभराने ती रेनकोट घेऊन शिंप्याच्या दुकानात गेली. तुमच्या हलगर्जीपणाने माझा माणूस गेला, एवढं त्याने एकदा तोंडाने कबूल करावं, इतकंच तिला हवं होतं.

शिंपी वाद घालत बसला नाही. त्याने तिचं प्लास्टिक सोलून काढलं, बाह्यांची टोकं आवळून बांधली, रेनकोट उघडून झोळीसारखा खुंट्यांना टांगला आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. दोघं बघत उभी राहिली. बराच वेळ झाला तरी खालची फरशी कोरडीच होती.

मग त्याने विचारलं, आत ते काय काय घालायचे? तिने एकेक कपडा सांगितला. कशातही तिने कसर ठेवली नव्हती.

शिंप्याने मान खाली घातली.

“वहिनी, पावसाचा थेंबही आत गेला नाही. चढावर एवढ्या कपड्यांत माणूस घामानेच निथळतो, आणि मग तसाच ओला दिवसभर गारठ्यात बसतो.”