एकही खाडा नाही

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी धाकट्या मुलाने जिम काढली आणि सगळ्यात आधी बापाची सायकल विकली.

“जिमवाल्याचा बाप सत्तरीत दारोदार दूध घालत फिरतो? लोक माझ्या तोंडात शेण घालतील, बाबा!”

“अरे, पाय चालतात तोवर...”

“आता खुर्चीत बसा गुमान!”

गिऱ्हाइकांना मात्र तो घसा फोडून सांगायचा, “रोज थोडं करा, पण मरेपर्यंत सोडू नका.” पाय आखडायला लागले तसं म्हाताऱ्याने जिममधली जागच्या जागी चालणारी सायकल वापरायला मागून पाहिली.

“ती पैसे भरणाऱ्यांची आहे, बाबा.”


आज जिमच्या दारावर बापाचा सायकलवरचा मोठा फोटो आहे, खाली लिहिलंय, ‘चाळीस वर्षं, एकही खाडा नाही!’ बाप थोरलीला मूल झालं त्या महिन्यात गेला, खुर्चीतच.