वारसदाराचा नंबर

"सगळे काढायचेत. आजच्या आज." माणसाने काचेखालून अर्ज आत सरकवला.

काउंटरवरच्या मॅडमनी अर्ज पाहिलाच नाही. त्या त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे बघत होत्या. साठीची असेल. डावा डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. माणूस दांडगा, दाढी वाढलेला, डोळे तांबारलेले.

निवृत्ती निधीच्या या कार्यालयात मॅडमची एकवीस वर्षं गेली होती. असले नवरे त्यांनी ढिगाने पाहिले होते.

"पैसे यांचे आहेत. यांना बोलू द्या."

"तिला बोलवत नाहीये, दिसतंय ना? सही घ्या आणि मोकळं करा आम्हाला."

मॅडमनी खातं उघडलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चौतीस वर्षं चादरी उकळणारी ही बाई कागदावर जेमतेम एकोणीस वर्षं नोकरी केलेली कामगार होती. दोन बाळंतपणं, त्यातलं एकच मूल हाती लागलेलं. मग सासूचं अंथरूण, मग सासऱ्याचं. दर वेळी नोकरी सुटली, दर वेळी नव्याने लागली आणि मागचं सगळं पुसलं गेलं. उरलं ते थोडकं होतं, पण तिचं म्हणावं असं जगात तेवढंच होतं.

मॅडमच्या आईनेही अशीच एक सही केली होती. वडिलांनी केसाला धरून करवलेली. शेवटी शेवटी औषधाच्या गोळीसाठीसुद्धा तिला हात पसरावा लागला होता.

"सिस्टीम बंद आहे," मॅडम म्हणाल्या. "मावशी, तुम्ही आत या. अंगठे घ्यायचेत."

"मीही येतो."

"तुम्ही बाहेरच थांबायचं."

माणसाने कूलरवरून पाण्याचा ग्लास आणला, बाईच्या फाटक्या ओठांना लावला आणि दोन घोट पाजले. चार लोकांदेखत चालणारी ही नाटकंही मॅडमना पाठ होती.

आतल्या खोलीत त्यांनी दार लावलं आणि मावशींची बाही वर सारली. कोपराखाली इस्त्रीचं टोक जसंच्या तसं उमटलं होतं. कातडी अजून ओली होती.

"घरच्याच माणसाने केलं ना?"

मावशींनी होकारार्थी मान हलवली.

"पैशासाठी?"

पुन्हा मान हलली.

"मग पोलिसांत का नाही गेलात?"

"आपल्याच माणसाला पोलिसांत कसं द्यायचं, ताई?" मावशींनी बाही खाली ओढली. "काढून द्या पैसे. आम्हाला लांब जायचंय."

"मुलगा आहे ना तुम्हाला?"

मावशी दचकल्या. "त्याला नका कळवू. पाया पडते तुमच्या."

आया अशाच असतात, मॅडमना वाटलं. अंगावरचे वळ लेकरापासून लपवत जन्म काढतात. मॅडम उठल्या आणि बाहेर येऊन त्यांनी खात्याचा जुना फॉर्म काढला. वारसदाराच्या रकान्यात मुलाचा नंबर होता.

"आई तिथे आहे? देव पावला, मॅडम," मुलाचा आवाज मऊ होता. "कालपासून वणवण शोधतोय. तिला कुठेही जाऊ देऊ नका. आलोच."

तेवढ्यात काचेवर मूठ आपटली. "किती वेळ? बाहेर पाठवा तिला! अहो, ऐका तर, मी..."

"मला काही ऐकायचं नाही. बायकांवर हात टाकणाऱ्याचं तर मुळीच नाही."

दुसरी मूठ पडली आणि काच खळकन फुटली. माणसाच्या मनगटातून रक्ताची धार लागली. सुरक्षारक्षकाने मागून त्याच्या पोटऱ्यांवर काठी हाणली. तो गुडघ्यांवर कोसळला तशी दुसरी खांद्यावर बसली. मग रांगेतल्या लोकांनीही हात धुऊन घेतले. एका निवृत्त ड्रायव्हरने बरगड्यांत लाथ घातली. एका बाईने चप्पल काढून तोंडावर सपासप मारली. फरशीवर रक्त सांडलं, त्यात एक दात पडला.

मॅडमनी कुणालाही थांबवलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. वडिलांना असं कुणीच कधी मारलं नव्हतं.

पोलिस त्याला फरफटत नेऊ लागले तेव्हाही तो बंद दाराकडे बघून ओरडत होता, "घरात पाऊल टाकलंस तर बघ! ऐकतेस ना? पाऊल टाकायचं नाही!"

दहा मिनिटांत मुलगा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात शाल. त्याने मॅडमना हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू?" आईच्या खांद्यांवर शाल घालत तो म्हणाला, "चल आई, घरी."

मावशींनी मॅडमचा पदर मुठीत धरला होता. त्याने एकेक बोट उचलून तो हळुवार सोडवला.

"आता घाबरायचं नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या. "तो काही लवकर सुटत नाही."

मावशी मुलाच्या पुढे पुढे, खाली बघत चालत गेल्या.

ऑफिस सुटल्यावर मॅडम जबाब द्यायला पोलिस चौकीत गेल्या. तो माणूस कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. मनगटाला फडकं, शर्ट रक्ताने ताठ झालेला, एक डोळा मिटलेला. मॅडमना पाहून तो धडपडत उभा राहिला.

"ती कुठंय?"

"तुझा हात पोचणार नाही अशा जागी," मॅडम ठसक्यात म्हणाल्या. "लेकाकडे. मीच फोन करून बोलावलं त्याला."

तो भिंतीला टेकला आणि घसरत घसरत खाली बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी तिचा भाऊ. काल कुलूप फोडून त्याच्याच घरातून काढली होती मी तिला."