दोन पंख्यांचं कार्ड

“ताई, ग्राफिक्स कार्ड लोक बघून घेतात. ऐकून नाही,” दुकानदार म्हणाला.

तिनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. काउंटरवर उघडाच ठेवलेल्या कॉम्प्युटरला ती कान लावून उभी होती, भिंतीला कान लावून शेजारचं भांडण ऐकावं तशी.

वहीच्या पानावरची यादी जवळजवळ संपली होती. प्रोसेसर झाला, मदरबोर्ड झाला, रॅम झाली. हे सगळं बसवायची पेटी तर तिनं सगळ्यात साधी, बिनदिव्यांची निवडली होती, म्हणजे तेवढेच चार पैसे कार्डाकडे वळवता येतील. गेममधली सगळी चित्रं रंगवणार हे कार्डच. उरलेल्या पैशांत दोनांपैकी कुठलंही एक बसत होतं. एक वेगवान, एका छोट्या पंख्याचं. दुसरं त्याच्यापेक्षा बरंच मंद, पण दोन मोठ्या पंख्यांचं. वेगवान कार्डाचं नाव, नंबर आणि वजनसुद्धा तिला वर्षभर तोंडपाठ होतं. सख्ख्या आत्याचा वाढदिवस तिला एवढा पाठ नव्हता.

“पहिलंच घे ना,” बाबा म्हणाले. छापखान्यातली रात्रपाळी संपवून ते घरी न जाता थेट इथे आले होते आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत टेकले होते. “वर्षभर डोकं खाल्लंयस त्याच्यासाठी.”

“थांबा हो बाबा. दादा, एखादा जड गेम लावा. मला पूर्ण जोरात ऐकायचंय.”

दुकानदारानं लावला. पडद्यावर डोंगर उभे राहिले, उतारावरून एक घोडा सुटला, त्याच्या आयाळीचा केस न् केस वेगळा उडत होता. तिच्या तोंडून ‘आई गं’ निघून गेलं. आणि मग पंखा सुटला. आधी भुणभुण, मग घरघर, मग मिक्सरमध्ये चमचा राहून गेल्यासारखा कलकलाट.

“हेडफोन घातले की काही ऐकू येत नाही!” दुकानदार ओरडून म्हणाला.

“मी घालीन. बाबांचं काय?”

“काकांचा काय संबंध?”

“आमची खोली एकच आहे. माझं टेबल त्यांच्या पायाशी. मी दुपारी शाळेतून येते तेव्हा ते झोपलेले असतात.”

“अगं ए शहाणे, मला काय होतंय?” बाबा म्हणाले. “रात्रभर छपाईच्या मशीनशेजारी उभा असतो मी. त्याच्यापुढे हे तुझं म्हणजे मांजराची घुरघुर. हे बघ, झोपलोसुद्धा!” त्यांनी हात मांडीवर टाकले, डोळे मिटले आणि घोरायला लागले. चांगलं दणदणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

दुकानदार खो खो हसला. “झालं समाधान? करू बिल?”

ती नाही हसली. बाबा घोरत नाहीत. खरी झोप लागली की त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवरून सरकत राहतो, कागद मोजत असल्यासारखा. अंगठा गप्प होता.

पण पडद्यावरचा घोडा आता नदीत उतरला होता आणि त्याच्या पायाशी आभाळ थरथरत होतं. ‘करा’ म्हणायला तिची जीभ नुसती वळवळत होती. बाबा स्वतःच तर सांगताहेत! एवढं नाटक चाललंय ते तिनं हो म्हणावं म्हणूनच ना?

“दुसरं लावा,” ती घाईघाईनं म्हणाली. अजून एक मिनिट गेलं असतं, तर म्हणाली नसती.

“ताई, लोक चांगल्यावरून आणखी चांगल्यावर जातात. तुम्ही उलट्या निघालात.”

“माहितीये. लावा.”

त्यानं मशीन बंद केलं, स्क्रू काढले, कार्ड बदललं. तेवढ्यात घोरणं कधी थांबलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. पुन्हा तेच डोंगर, तोच घोडा. आयाळ आता खराट्यासारखी दिसत होती आणि बिचारा दर चार पावलांना अडखळत होता. तिनं चित्राची बारकाई एकेक पायरी खाली आणली. डोंगरावरची झाडं गेली, नदीतलं आभाळ गेलं. घोडा मात्र सरळ पळायला लागला. मग तिनं कान जवळ नेला. आणखी जवळ नेला. बाहेरच्या रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली, ती ऐकू आली.

“बाबा, ह्याचा आवाज...” ती वळली.

बाबांची मान खांद्यावर कलली होती. तोंड किंचित उघडं होतं. शाईनं काळा झालेला अंगठा तर्जनीवरून सरकत होता, सावकाश, एका लयीत.

दुकानदार काहीतरी बोलायला गेला. तिनं ओठांवर बोट ठेवलं. यादीतलं एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

“नक्की?” तो कुजबुजला. “मागाहून बदलून मिळणार नाही हं.”

“पळतोय ना घोडा? बास.”

त्यानं एकदा कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं. मग सगळे भाग एकेक करून मोठ्या खोक्यात ठेवले आणि चिकटपट्टीचं रीळ उचललं. पट्टी ओढली मात्र, चर्रर्र असा आवाज झाला. अंगठा थांबला. दोघंही श्वास रोखून उभे राहिले. बऱ्याच वेळानं अंगठा पुन्हा हलला.

मग दुकानदार स्टुलावर बसला, रीळ मांडीवर घेतलं आणि ती पट्टी नखानं बोट-बोटभर सोडवायला लागला. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. त्याला त्यानं हातानंच सांगितलं, थांबा.