ताडीतली आई

ताडी फसफसते ती यीस्टच्या पेशींमुळे. अशी एक पेशी मरेपर्यंत किती लेकींना जन्म देते, हे मोजायला एम.एस्सी.ची दमयंती १९६५ साली कॉलेजचा सूक्ष्मदर्शक घेऊन माहीमला घरी आली. दीड-दोन तासांनी आईपेशीला अंकुर फुटे, त्याची लेक होई. दमयंती बारीक सुईने लेकीला बाजूला सारून वहीत रेघ ओढी. चोवीस रेघा झाल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला.

जागी होऊन पाहते, तर एकीच्या जागी पाच जणी! सगळ्या सारख्याच दिसत होत्या. दमयंतीला रडू फुटलं.

मडकं घेऊन आलेली ताडीवाली जिवली दारातच थबकली. "काय झाला, बाय?"

"यातली आई कोणती तेच कळत नाही गं जिवलीबाय. सगळी मेहनत वाया गेली."

जिवलीने एक डोळा मिटून बराच वेळ काचेत पाहिलं.

"ही काय, कडेची. बाकीच्या कशा गुळगुळीत हायत. हिच्या अंगावर वण हायत ना!"

दमयंतीने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. खरंच, प्रत्येक लेक सुटली तिथे एकेक बारीक वण होता. संध्याकाळपर्यंत बाकीच्या चौघींना लेकी झाल्या. कडेचीला एकही झाली नाही.

प्रबंध वाचताना सरांनी लाल शाईने विचारलं, 'आईपेशी ओळखणाऱ्या या जिवलीबाय कोण? त्यांची पात्रता काय?'

दमयंतीने खाली लिहिलं, 'सात बाळंतपणं.'